संकटकाळची सरकारी खरेदी

घरात लग्नकार्य निघाले म्हणजे घरची माणसे चार दुकाने हिंडतात, कापड हातात घेऊन त्याचा पोत पाहतात, भाव करतात आणि मगच पैसे मोजतात. तेच घर मध्यरात्री आजारी लेकरासाठी औषध आणावयास निघाले म्हणजे भाव विचारीत नाही. दुकानदार मागेल ती रक्कम देऊन औषध घेऊन येते. दोन्ही खरेद्या एकाच घरच्या आणि माणसेही तीच. परंतु पहिल्या खरेदीत वेळ आपल्या हाती होता, दुसरीत तो विकणाऱ्याच्या हाती गेला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण अशा प्रसंगावरूनच पडली असावी.

सरकार हेही एक मोठे घरच आहे. पूर, दुष्काळ, भूकंप, रोगाची साथ किंवा युद्ध आले म्हणजे त्यालाही मध्यरात्रीची खरेदी करावी लागते. ती खरेदी कोणत्या नियमाने होते, तिच्यात कोठे फसगत होते आणि आमच्यासारख्या गावकऱ्यांचा तिच्याशी संबंध कोणता, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. तलमडुगू व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील कुटुंबांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु पुराने धान्य भिजले, घराची भिंत पडली, तर दारात येणारा तांदूळ, ताडपत्री आणि औषध याच खरेदीतून येतात. शिवाय ज्या पैशाने ती होते तो आपलाच असतो. बाजारातून आणलेल्या पुष्कळ वस्तूंवर आपण कर भरतो.

कायदा काय सांगतो

एरवी सरकारला मोठी खरेदी करावयाची असली तर निविदा मागवाव्या लागतात. काय हवे, किती हवे आणि कोणत्या प्रतीचे हवे हे जाहीर करावयाचे. विकू इच्छिणाऱ्यांनी आपले भाव बंद पाकिटात, आणि अलीकडे संगणकावर, कळवावयाचे. ठरलेल्या दिवशी ते सर्वांसमक्ष उघडून, माल प्रतीस उतरत असल्यास कमी भाव सांगणाऱ्यास काम द्यावयाचे. या रीतीला कित्येक आठवडे लागतात. तो विलंब निष्फळ नसतो. साहेबाच्या मेहुण्याला गुपचूप काम मिळू नये, यासाठीच तो सोसावयाचा असतो.

परंतु गावात कमरेएवढे पाणी शिरले असता निविदा उघडण्याच्या तारखेची वाट कोण पाहणार? म्हणून आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याच्या ५० व्या कलमाने सूट दिली आहे. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची खात्री झाली की बचावासाठी अथवा मदतीसाठी सामान तातडीने आणणे अवश्य आहे, तर ते संबंधित खात्याला तशी खरेदी करण्याचा अधिकार देऊ शकते, आणि मग निविदेची नेहमीची अट माफ झाली असे समजले जाते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. सामान कसे वापरले गेले याविषयी नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला हिशेबासाठी ग्राह्य कागद मानला जातो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. भाव पडताळण्याची रीत माफ झाली आणि हिशेबही एका दाखल्यावर आला. म्हणजे एरवी जी दोन कुलुपे खजिन्याला असतात ती दोन्ही संकटाच्या दिवशी निघतात. ती निघावयास हवीत याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बुडणाऱ्याला दोरी देताना पावती मागू नये. परंतु कुलूप निघाले असता दारात कोणी तरी बसून राहावे लागते, एवढे घरच्या बाईलाही कळते.

न घेतलेल्या धान्याची किंमत

पुष्कळांना वाटते की सरकारने कमी खर्च केला म्हणजे कारभार शहाणपणाचा झाला. संकटकाळी हे खरे ठरत नाही, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा बंगाल प्रांताचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ सरकारी पैशाने आणविला. दुष्काळ मोठा होता, तरी भुकेने मेलेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली. परंतु पाऊस आला तेव्हा बराच तांदूळ उरला होता, तो तोट्यात विकावा लागला, आणि टेंपल यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला.

पुढे १८७६ पासून दख्खनेत दुष्काळ सुरू झाला. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर हे जिल्हे होरपळले, निजामाच्या राज्यालाही झळ लागली. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाहणीसाठी पाठविले तेही टेंपल यांनाच. यावेळी मात्र ते पूर्वीचे टेंपल नव्हते. धान्याचा व्यापार व्यापाऱ्यांवर सोडावा, सरकारने बाजारात उतरू नये, हे धोरण चालले. आणि खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणण्यात आली. मुंबई इलाख्यात मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली.

एकाच अधिकाऱ्याच्या दोन खरेद्या, किंबहुना एक खरेदी आणि एक न केलेली खरेदी, यांचा ताळा असा निघतो. पहिलीत पैसा वाया गेला, दुसरीत माणसे गेली. उरलेला तांदूळ विकता येतो. गेलेल्या माणसाला परत आणता येत नाही. म्हणून तातडीच्या खरेदीवर टीका करताना प्रथम हे मान्य केले पाहिजे की काहीच न घेणे हा सर्वांत महाग सौदा आहे.

दिलेला पैसा आणि न आलेली गाडी

आता दुसरी बाजू पाहू. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, काश्मीरची लढाई चालू असता सैन्याला जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कचेरीमार्फत दोन हजार जुन्या, परंतु दुरुस्त केलेल्या गाड्यांचा करार एका अल्प भांडवलाच्या कंपनीशी झाला, आणि बरीच रक्कम आगाऊ देण्यात आली. प्रत्यक्षात बंदरावर १५५ गाड्या उतरल्या, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. संसदेत वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर १९५५ साली सरकारने हे प्रकरण मिटले असे जाहीर केले. कोणावर गुन्हा शाबीत झाला नाही, म्हणून आम्हीही कोणाला दोषी म्हणत नाही. परंतु व्यवहार म्हणून पाहता धडा स्पष्ट आहे. विकणाऱ्याची ऐपत न पाहता आणि माल न पाहता मोठी रक्कम आगाऊ दिली, तर आपल्या हाती केवळ तक्रार उरते.

याच्या उलट उदाहरण २०२० सालचे. करोनाची साथ आली तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्ततपासणीच्या जलद संचांची मागणी चीनमधील दोन कंपन्यांकडे नोंदविली. एप्रिलमध्ये संच आले आणि राज्यांना वाटले गेले. राजस्थानाने ते वापरून पाहिले, तेव्हा शंभरांत पाचसहा वेळाच निदान बरोबर निघते असे आढळले. परिषदेने प्रथम वापर थांबविला आणि २७ एप्रिल रोजी संच परत करण्यास राज्यांना सांगितले. खरेदी फसली, परंतु पैसे आगाऊ दिले नव्हते, त्यामुळे एक रुपयाही बुडणार नाही असे सरकारला सांगता आले. घाई दोन्ही वेळी होती. एका वेळी पैसा मालाच्या पुढे धावला, दुसऱ्या वेळी तो मालाच्या मागे राहिला; फरक एवढाच.

भाव कोठे वाढतो

याच संचांच्या प्रकरणात भावाचेही एक रहस्य बाहेर पडले. आयात करणारी कंपनी आणि माल वितरित करणारी कंपनी यांचे आपसांत भांडण झाले व ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे उघड झाले की एक संच देशात आणून पोहोचविण्यास २४५ रुपये पडत होते, आणि सरकारला तो ६०० रुपयांस दिला जात होता. न्यायालयाने २४ एप्रिल २०२० रोजी सांगितले की देश अशा साथीत सापडला असता खाजगी नफ्याहून लोकहित मोठे आहे, आणि संचाची किंमत करासह ४०० रुपयांवर जाऊ नये. वाचकहो, हे भांडण न्यायालयात गेले नसते तर ही आकडेवारी आपणांस कळली असती काय? दोन व्यापाऱ्यांचे बिनसले, म्हणून जनतेला भाव कळला. कारभार अशा योगायोगावर सोडणे बरे नव्हे.

हा रोग केवळ आपल्या देशाचा आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडात त्याच वर्षी मुखवटे व संरक्षक पोशाख घेताना मंत्री, खासदार व अधिकारी यांच्या शिफारशीने आलेल्या विक्रेत्यांसाठी सरकारने वेगळी रांग केली होती. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले, तेव्हा त्या रांगेतील सुमारे दहांपैकी एकाला काम मिळाले होते, तर बाहेरच्या शंभरांत एकालाही पुरते मिळाले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती वेगळी रांग बेकायदेशीर ठरविली. साहेबाच्या देशातही ओळखीचा माणूस रांगेत पुढे जातो, हे पाहून आपण आपल्या उणिवांचे समर्थन करू नये. मात्र तेथे हिशेब तपासणारे कार्यालय काही महिन्यांतच बोलले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आलेल्या वस्तूची परीक्षा

माल वेळेवर आला, भावही रास्त पडला, तरी काम संपत नाही. २०२१ साली साथीच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्यातील रुग्णालयांसाठी केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. त्यांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचे आणि उरलेले ३७ खोक्यांतून काढलेही नसल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे (ते शहर आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते) मे महिन्यात आले. केंद्राने रुग्णालयांच्या हाताळणीकडे बोट दाखविले. डॉक्टरांचे अहवाल यंत्राकडे बोट दाखवीत होते. एकमेकांवर दोष ढकलण्यापेक्षा रुग्णांची काळजी करावी, या अर्थाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले. यंत्र विकत घेताना ते चालविणारा माणूस, बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस आणि सदोष ठरल्यास परत नेणारा माणूस, हे तिघेही करारातच ठरले पाहिजेत. बैल घेताना आपण त्याला नांगराला जुंपून पाहतो, मग पैसे देतो. यंत्राची गोष्ट वेगळी नाही.

खाणाऱ्याला न विचारता घेतलेल्या धान्याचीही अशीच कथा आहे. १९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात अमेरिकेतून मिलो नावाची लाल ज्वारी आली. तिने पोटे भरली हे निश्चित, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु पांढऱ्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसांना ती नकोशी वाटली, आणि म्हातारी माणसे अजून तिचे नाव काढताच तोंड वाकडे करतात.

खरेदी कोणाच्या हाती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तो भाग आणि आपला आदिलाबाद जिल्हा एके काळी एकाच हैदराबाद राज्यात होते. मातीही तीच काळी आणि घरेही दगडमातीची. पुढे जागतिक बँकेच्या कर्जाने घरबांधणीचा मोठा कार्यक्रम निघाला, आणि त्यात दोन रीती शेजारी शेजारी चालल्या.

सर्वांत अधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे ठेकेदारांनी आणि दानशूर संस्थांनी बांधली. ती पक्की होती, रस्ते रुंद व सरळ होते. परंतु कित्येक ठिकाणी गुरांना गोठा नाही, औते ठेवावयास जागा नाही, शेत लांब पडले, अशी तक्रार राहिली. कमी हानी झालेल्या शेकडो गावांत दुसरी रीत चालली. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती गेला, अभियंत्याने कसे बांधावे ते दाखविले, गावच्या समितीने लक्ष ठेविले, आणि विटा, सिमेंट व गवंडी मालकाने स्वतः पाहून घेतले. अशा रीतीने पावणेदोन लाखांवर घरे दुरुस्त वा मजबूत झाली. ज्याला त्या छपराखाली निजावयाचे आहे तो कमी सिमेंट घालू देत नाही. त्याच्यासारखा तपासनीस कोणत्याही खात्यात मिळत नाही. सर्वच वस्तू अशा घेता येणार नाहीत. व्हेंटिलेटर कोणी घरी आणू शकत नाही. परंतु जेथे शक्य आहे तेथे खरेदी वापरणाऱ्याच्या जितकी जवळ न्यावी, तितकी ती सचोटीची होते.

संकटापूर्वीची तयारी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ खरेदी ती, जी संकटापूर्वी होते. पवित्र शास्त्रातील योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत त्याला कोणा व्यापाऱ्याचे पाय धरावे लागले नाहीत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ताडपत्री, होड्या, औषधे, जनरेटर यांचे भाव मृगापूर्वीच निविदा काढून ठरवून ठेवावे आणि गरज पडताच त्या भावाने माल उचलावा. मग निविदाही होते आणि घाईही साधते. आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात असे भाव ठरले आहेत काय, हा प्रश्न पावसाळ्यापूर्वी विचारावयाचा आहे. पैनगंगेला पूर आल्यावर नव्हे.

आपण काय करावे

आता आपल्या भागातील कुटुंबांना एक जवळचा दाखला देतो. आपण कापूस घेऊन आदिलाबादच्या बाजारात जातो, तेव्हा कापूस महामंडळाचा माणूस यंत्र खुपसून ओलावा पाहतो. आठ टक्क्यांवर भाव कापला जातो, आणि बारांवर काटा गेला तर हमीभावाने माल घेतलाच जात नाही. वजनही काट्यावर होते. आपला माल घेताना सरकार जर इतके बारकाईने पाहते, तर सरकारने आपल्या नावाने घेतलेला माल आपणही तितक्याच बारकाईने पाहावा. यात उद्धटपणा नाही. हा सारखाच न्याय आहे.

पहिली गोष्ट, मिळाले तेवढ्यावरच सही अथवा अंगठा करावा. वीस किलो तांदूळ लिहिला असेल तर वीस किलो मोजून घ्यावा. वर सांगितल्याप्रमाणे दाखला हाच हिशेब ठरतो, आणि अशा दाखल्याच्या पाठीशी आपल्याच सह्या असतात. खोटी सही भिडेखातर केली तरी ती खोटीच.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण घरी मराठी बोलतो, शेजारी गोंडी व कोलामी बोलतात, आणि सरकारी कागद येतो तेलुगूत. वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही, म्हणून 'येथे सही करा' म्हणताच सही होते. घरातील मूल तेलुगू शाळेत जाते. त्याच्याकडून कागद वाचून घ्यावा, त्यातील आकडे समजून घ्यावे, मगच सही करावी. मुलाच्या शिक्षणाचा याहून तत्काळ उपयोग दुसरा नाही.

तिसरी गोष्ट, माहितीचा अधिकार. २००५ च्या त्या कायद्याने कोणत्याही नागरिकाला भाव, प्रमाण, पुरवठादाराचे नाव व बिलांच्या प्रती मागता येतात. इतकेच नव्हे तर काम पाहता येते आणि मालाचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, आणि एखाद्याच्या जीविताचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क पडत नाही. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत लिहावा लागतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरवून घेण्यास साहाय्य करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

चौथी गोष्ट, मदत वाटून झाल्यावर ग्रामसभेत तिचा हिशेब मोठ्याने वाचून घ्यावा. काय आले, कोठून आले, कोणत्या भावाने आले, कोणाला किती मिळाले. मदतीचा पैसा किंवा सामान ज्याच्या हवाली केले त्याने ते गिळले, तर आपत्ती कायद्याच्या ५३ व्या कलमाने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. परंतु आरोप करण्यापूर्वी कागद पाहावा. रात्रंदिवस पाण्यात उभे राहून काम करणारे तलाठी, परिचारिका व शिपाईही याच कारभारात असतात, आणि पुराव्यावाचून केलेली निंदा त्यांच्याच माथी बसते. पुढच्या संकटात असा प्रामाणिक अधिकारी सही करावयास कचरला, तर १८७७ ची पुनरावृत्ती व्हावयास वेळ लागणार नाही.

शेवटी एवढेच म्हणावयाचे आहे. संकटकाळी सरकारने झटपट घ्यावे, भरपूर घ्यावे आणि धैर्याने घ्यावे. तेवढ्या वेळापुरती निविदेची सूट आपण आनंदाने द्यावी. मात्र सूट निविदेची असते, हिशेबाची नव्हे. पाणी ओसरल्यावर वही उघडली पाहिजे, आणि ती उघडा असे सांगणारा आवाज गावातून निघाला पाहिजे. प्रत्येक कुटुंबाने मिळालेल्या मदतीची एक चिठ्ठी, तारीख व वजन घालून, आपल्या घरी जपून ठेविली तरी त्या कामाचा आरंभ झाला असे आम्ही समजू.